काटा कुंकवाच्या खाली

गेल्या रविवारी माझ्या नातीच्या गाडीतला एसीचा पडदा काळा पडला. म्हणजे ती छोटी चौकोनी काच, जिच्यावर बाहेर ऊन किती आणि आत गारवा किती याचे आकडे उमटतात. गार वारा येत होता, पंखा फिरत होता, नुसते आकडे गेले होते. दुकानवाल्याने नाक मुरडलं, म्हणाला गाडी ठेवून जा, बघू. केतकी म्हणाली, "भाड में जाए, मीच बदलते." मग तिने नवीन पडदा मागवला, मोबाइल स्टिअरिंगला टेकवून ठेवला, त्यात एक माणूस कसं करायचं ते दाखवत होता, आणि ही पोरगी पुढच्या सीटवर आडवी होऊन डॅशबोर्डच्या फळीची पट्टी उचकटायला लागली. मी ओसरीवर खुर्ची टाकून शेंगा सोलत बसले होते. मी म्हटलं, "आधी बॅटरीची तार काढ." ती मान वर करून बघायला लागली. "आजी, तुला काय माहीत यातलं?" मी म्हटलं, "अगं शहाणे, तू जिथे हात घालून बसली आहेस ना, तिथे मी तुझ्याहून लहान होते तेव्हा हात घातलाय. आणि मला मोबाइलातून शिकवायला कुणी नव्हतं. मागे उभा राहून मारणारा मात्र होता."

तिला वाटलं म्हातारी काहीतरी गंमत सांगतेय. संध्याकाळपर्यंत तिने तो पडदा बसवला, चावी फिरवली आणि निळे आकडे लख्ख उजळले. तिने टाळी वाजवली. आणि मला, काय सांगू, इतका राग आला! तिचा नव्हे. माझ्या बापाचा. माणूस जाऊन किती वर्षं झाली, त्याच्या अस्थी याच तापीत मी माझ्या हाताने सोडल्या, पण राग आला तो असा ताजा, आत्ता चुलीवरून उतरवल्यासारखा. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. कुणाला वाईट वाटायचं असेल तर वाटो.

माझ्या बापाला आम्ही आबा म्हणायचो. आबा एका संस्थानिकाच्या मोटारखान्यात ड्रायव्हर होता. पितळी बटणांचा कोट, डोक्यावर फेटा, आणि मोटारीचं दार उघडताना कमरेत किती वाकायचं याचीसुद्धा तिथे रीत होती. मग संस्थानं विलीन झाली. महाराज गेले, फेटा गेला, मोटारखाना लिलावात निघाला. त्यातली एक लांबलचक जुनी मोटार, कापडी टपाची, रंग उडालेली, आबाने आणली आणि बुऱ्हाणपूर ते खकनार, डोईफोडिया अशी भाड्याने चालवायला लागला. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या आमच्या घरापुढे पत्र्याची शेड होती, तिच्यात ही मोटार राहायची. आम्ही तीन माणसं एका खोलीत राहायचो, आणि मोटारीला मात्र स्वतंत्र घर होतं. आबा म्हणायचा, "राजा गेला ना? आता ह्या घरात मीच राजा." हे तो हसत म्हणायचा नाही. पुढे शेजारपाजारचे लोक मला समजावायचे, बिचाऱ्याचा मान गेला गं, त्यामुळे डोकं फिरलं त्याचं. गेला असेल मान. माझ्या मामाचीही त्याच मोटारखान्यातली गाड्या पुसण्याची नोकरी गेली होती. मामाने कुणाचं डोकं फोडलं नाही, तो जिनिंगच्या कारखान्यात राखणदारीला लागला आणि गुपचूप बिड्या ओढत बसला.

माझी माय मांडे करायची. लग्नकार्य असलं की बायका तिला बोलवायला यायच्या. पुरणाचा गोळा भरून ती तो उंडा दोन्ही हातांवर घ्यायची, आणि हातांवरच फिरवत फिरवत, मनगटापासून कोपरापर्यंत, असा वाढवायची की त्याच्यातून पलीकडची चूल दिसावी. मग तो उपड्या खापरावर अलगद टाकायचा. खापर लाल झालेलं असायचं. तिच्या हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, पण ते डाग खापराचे होते, ते कुणी मोजत नव्हतं. दिसायला ती बारीक होती. दंड मात्र असे टणक, की लहानपणी मी त्यांना लोंबकळायचे आणि ती तशीच मला घेऊन पीठ चाळायला जायची. ह्या दंडांचं पुढे काय झालं ते सांगतेच.

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, गाडीचा आवाज होता. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की माय हातातलं काम थांबवून कान द्यायची. गल्लीभर विणकरांच्या मागांची खटखट चालू असायची, त्यातूनही तिला ऐकू यायचं. गाडी नुसती घरघरत आली तर माय पुन्हा कामाला लागायची. गाडी फुसफुसत, शिट्टी मारत, वाफ सोडत आली, तर ती मला म्हणायची, "सुमे, धाब्यावर जा. वाळवण बघ जा." वाळवण असो वा नसो. मी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, जायचे आणि खालून आवाज यायचे. आधी आबाचा, मग भांड्यांचा, मग कशाचाच नाही. मग थोड्या वेळाने चुलीत फुंकणीचा आवाज यायचा, तेव्हा मी खाली उतरायचे. माय चुलीकडे तोंड करून बसलेली असायची, आणि त्या दिवशी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी जरा जाड झालेली असायची, कारण तिला हात नीट उचलता यायचा नाही.

आता गाडी तापण्याचा आणि मायला मारण्याचा संबंध काय, असं केतकीने मला विचारलं. तो संबंध देवीचा होता. गाडीच्या पुढच्या फळीवर, स्टिअरिंगच्या बाजूला, एक गोल तबकडी होती. इंजिनातलं पाणी किती तापलं हे दाखवणारा काटा त्यात असतो. आबा म्हणायचा, हा काटा मोटारखान्यातच मेला. त्या मेलेल्या तबकडीवर त्याने कुलदेवीची तसबीर गोल कापून खळीने चिकटवली होती. रोज सकाळी तिला उदबत्ती, दसऱ्याला हार, आपट्याची पानं, सगळं. त्याचं म्हणणं असं, की गाडी थंड ठेवायची ती देवी ठेवते. आणि गाडी उकळली म्हणजे देवी कोपली. देवी कशाने कोपते? घरातल्या बाईच्या विटाळाने. माय बाजूला बसलेली असताना तिची सावली गाडीवर पडली असेल, तिने उंबऱ्यावरून गाडीकडे बघितलं असेल, काहीही. त्यामुळे गाडी उकळून आली की आबा खाली उतरायचा आणि पहिला प्रश्न विचारायचा, "काय कालवलं तू?" एकदा त्याने तिला शेडच्या खांबावर ढकललं आणि तिच्या गळ्याखालचं हाड मोडलं. बहादरपुरात एक म्हातारे हाडवैद्य होते, त्यांच्याकडे तिला गाडीतूनच नेलं. वैद्यबुवांनी विचारलं, "कसं झालं हो?" मायने तोंड उघडायच्या आत आबा म्हणाला, "काही नाही बुवा. गाडी तापली होती." आणि वैद्यबुवांनी मान डोलावली. विहिरीवर बायका विचारायच्या, त्यांनाही हेच उत्तर, आणि त्यासुद्धा मान डोलावायच्या. जणू पाऊस पडला होता, छत्री नव्हती, म्हणून भिजलो!

वाईट याचं वाटतं, की मायचाही या गाडी तापण्याच्या गोष्टीवर विश्वास होता. ती मला सांगायची, "तुह्या बापाचं मन वाईट नाही गं. ती गाडीच पाठी लागली. गाडी गार राहिली असती ना, तर त्यानं मले फुलासारखं ठेवलं असतं." हे ती सुजलेल्या ओठाने सांगायची.

एका उन्हाळ्यात आबाने त्याच्या क्लीनरला पान्याने मारलं. तो पळून गेला आणि दुसरा कुणी येईना. मग पाणी ओतायला आबा मला सोबत घ्यायला लागला. तसंही गाडीची पुष्कळशी कामं मी करतच होते. गाडी धुणं, चाकांत हवा भरणं, आणि आबा पुढे उभा राहून लोखंडी हँडल मारायचा तेव्हा आत बसून पायाने पेट्रोल देणं. "पोरगा असता तर," असं म्हणत म्हणत त्याने मलाच सगळं शिकवलं होतं. तर त्या दिवशी आम्ही डोईफोडियाला निघालो. मागे कपाशीचे दोन शेतकरी आणि एक बाई तिच्या लेकीला घेऊन. ऊन असं, की कापडी टपाखालीही टाळू भाजत होती. चढ लागला आणि मला जळका वास आला. मी म्हटलं, "आबा, थांबवा. पाणी तापलं वाटतं." तो म्हणाला, "देवी बसली आहे ना समोर? तू गप बैस." चढाच्या मध्यावर बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. आबा शिव्या देत उतरला आणि रागाच्या भरात, हातावर फडकंसुद्धा न घेता, त्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी माणसाच्या उंचीचं वर उडालं. त्याच्या हातावर पडलं, माझ्या पायावर पडलं, आणि जवळ येऊन बघणाऱ्या त्या लहान पोरीच्या मानेवर पडलं. ती पोर अशी किंचाळली की आजही उन्हाळ्यात कुठे कुकरची शिट्टी झाली तर माझी मान आखडते. एक शेतकरी बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, "पानी कम हुई गयो असेल भाऊ, जरा पहिलेच थांबायचं होतं." आबाने त्याला उचललं आणि रस्त्याकडेच्या दगडांवर आपटलं. त्याच्या कानातून रक्त आलं. पोरीची आई ओरडत होती, पोर लोळत होती, आणि आबा त्या माणसाच्या पाठीत लाथा घालत होता. मी छागल, पाण्याची कापडी पिशवी, घेऊन तशीच उभी होते. मग भान आलं तेव्हा छागलीतलं सगळं पाणी मी त्या पोरीच्या मानेवर रिकामं केलं. गाडीसाठी थेंबभरही ठेवलं नाही, आणि त्याबद्दल मला परतीच्या वाटेवर थोबाडीत मिळाली, ती मी आनंदाने खाल्ली.

घरी आल्यावर त्याने मायला इंजिनाच्या पंख्याच्या जुन्या पट्ट्याने मारलं. त्या दिवशी मी धाब्यावर गेले नाही. मी मधे पडले, तर त्याने मला मानेला धरून शेडमागच्या सामानाच्या कोठीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. रबरी पट्ट्याचा आवाज कसा असतो हे मी इथे लिहीत नाही. त्यानंतर मायला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या पाठीला हळद लावत होते, तेव्हा ती पुन्हा तेच म्हणाली, "गाडी गार राहिली असती ना सुमे..." माझं टाळकंच सटकलं. मी म्हटलं, "बरं माय. मग गाडी गार ठेवूनच दाखवते. मग बघू तुझा नवरा काय करतो ते!" मी हे रागाने म्हटलं, पण मनाशी गाठ बांधली ती खरीच. काटा चालू असता तर तो आधी वर चढला असता, गाडी सावलीत थांबवता आली असती, पाणी ओतता आलं असतं. ती पोर भाजली नसती. मायचा कान गेला नसता. मला तो काटा बसवायचा होता.

मामाच्या जिनिंगच्या कारखान्यामागे लढाईच्या वेळची एक लष्करी लॉरी गंजत पडली होती. चाकं नव्हती, सीटांवर कोंबड्या अंडी घालायच्या, पण तिच्या फळीवर काटा शाबूत होता. मामाला सांगितलं तर तो पांढराफटक पडला. "तुह्या बापाले कळलं तर मले सोलून काढीन तो." मी म्हटलं, "तुम्हाला नाही, मला सोलेल. तुम्ही फक्त बिडी ओढत बाहेर उभे राहा." या काट्याची गंमत अशी, की तबकडी, तिच्यामागची बारीक तांब्याची नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाचा इंजिनात बसणारा लोखंडी बोंडासारखा भाग, हे सगळं एकच असतं. नळी सुईइतकी नाजूक. कापली की संपलं, मोडली की संपलं. मी इंजिनाकडचा आटा रॉकेल सोडून सोडून सैल केला, नळी बांगडीसारखी गोल गुंडाळत आणली आणि ते सगळं परकराच्या ओच्यात घालून घरी आले. मामा माझ्यामागे गल्लीपर्यंत आला आणि सारखा म्हणत होता, "मोडशील गं, मोडशील कुठंतरी!"

चालतो की नाही हे कसं बघायचं? चुलीवर मायने वरणासाठी आधण ठेवलं होतं. मी ते बोंड सरळ आधणात सोडलं. "अगं अगं, वरणाचं आहे ते!" म्हणून माय धावली, आणि तेवढ्यात काटा हलला. थरथरला, मग हळूहळू वर चढायला लागला. माय चुलीपाशी उकिडवी बसली. पाण्याला बुडबुडे आले, पाणी खळखळलं आणि काटा एका जागी जाऊन ठाम उभा राहिला. मी बोंड बाहेर काढून गार पाण्यात टाकलं, काटा उतरला. पुन्हा आधणात, पुन्हा चढला. माय लहान पोरीसारखी हसायला लागली. असं हसताना मी तिला आधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "तुह्या बापालेही एक लावून दे असा!" आणि स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवला. तबकडीवर इंग्रजी अक्षरं होती, ती तिला वाचता येत नव्हती, आबालाही धड येत नव्हती. मग तिने कपाळाला लावायचं मेणाचं डबडं आणलं. काचेवर, उकळत्या पाण्यात काटा जिथे थांबला होता नेमक्या त्या जागी, तिने आधी मेणाचं बोट टेकवलं आणि त्यावर कुंकवाचं. "हे बघ," ती म्हणाली, "काटा कुंकवाच्या खाली आहे तोवर सगळं ठीक. कुंकवाले टेकला की थांबायचं." बास. इतकं सोपं.

आबा एका नातलगाच्या तेराव्याला जळगावला गेला तेव्हा मी काम काढलं. केतकीला मी हेच सांगितलं, पहिल्यांदा बॅटरीची तार, नाहीतर ठिणगी उडते. मग पाणी बादलीत काढून घेतलं, इंजिनातलं जुनं बोंड सोडलं, आट्यांना सुती दोरा गुंडाळून, गळती थांबवायचा सफेदा फासून नवं बसवलं, आणि नळी गरम लोखंडापासून लांब ठेवत फळीच्या भोकातून आत घेतली. शेवटी राहिली देवी. ओलं फडकं ठेवून ठेवून मी खळ भिजवली, हात जोडले आणि तसबीर अलगद सोडवली. ती मी फेकली नाही हो. समोरच्या काचेच्या वर, तिच्याहून उंच जागा नव्हती गाडीत, तिथे तिला नव्या खळीने बसवलं. पण तसबीर निघाली आणि खाली भलतंच दिसलं. आबा म्हणायचा काटा आपोआप मेला. तबकडीची काच चक्काचूर झालेली होती. मधोमध पान्याच्या तोंडाची खूण होती, खोल, पत्र्यात रुतलेली, आणि काटा वाकून दुमडून पडला होता. कुणीतरी पूर्ण ताकदीने, एकदा नाही, पुष्कळदा त्याच्यावर पाना घातला होता. मी मायला बोलावून दाखवलं. तिने त्या खुणेवर बोट फिरवलं. परत जाऊन भाकऱ्या थापायला लागली, आणि त्या दिवशी भाकऱ्या थापण्याचा आवाज फार मोठा येत होता. मी ती फुटकी तबकडी काढली आणि तिच्या जागी लॉरीतली बसवली.

आबा आला, त्याने बघितलं आणि मला मारलं. ते व्हायचंच होतं. पण देवी वर आणखी उंच बसलेली होती, आणि गाडी तर भाड्याला काढायचीच होती. त्याने काटा ठेवला. मग आठवडेच्या आठवडे गाडी उकळली नाही. काटा कुंकवाजवळ आला की तो शिव्या घालत का होईना पण झाडाखाली थांबायचा. लोकांना सांगायला लागला, मीच बसवला, विलायती माल आहे. सांगू दे म्हटलं. गाडी गल्लीत वळायची ती नुसती घरघरत, आणि माय कामातून मान वर काढायची नाही. तिने अंगणात मांड्यांचं खापर मांडलं, बायका पुन्हा यायला लागल्या. घरात तळलेल्या मिरच्यांचा, पुरणाचा, जायफळाचा वास. मला वाटलं, जिंकले मी. एवढीशी नळी आणि एवढासा काटा, आणि माझी माय वाचली!

मग एका दुपारी गाडी आली. शांत आली. माय मांड्याचा उंडा बाजूला ठेवून, न घाबरता, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आबाने तो तांब्या तिच्या हातातून घेतला आणि तिच्या तोंडावर मारला. नंतर कळलं, खकनारच्या कचेरीत कुण्या नव्या साहेबाने त्याला "ए ड्रायव्हर, बाजूला हो" म्हटलं होतं आणि उन्हात उभं करून ठेवलं होतं. पण घरी येऊन तो काय म्हणाला? तेच. "काय कालवलं तू? गाडी तापली आज! देवीच्या जागी आपलं कुंकू लावते, रांडे? तुह्या बोटाचा विटाळ बसवला तिथं!" त्याने तिचे केस धरून तिला शेडच्या पत्र्यावर आपटलं. मायच्या कपाळातून, ओठातून रक्त आलं, पुढचा एक दात निसटून खाली पडला. ती खाली बसली. मग उठली. आणि धाब्याकडे बघून मला काही म्हणण्याऐवजी ती सरळ गाडीकडे चालत गेली आणि बॉनेटवर तिने पालथा हात ठेवला. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. बराच वेळ ठेवला.

"कोमट आहे," ती म्हणाली.

आबाला कळेना. ती दारातून आत वाकली, काट्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "सुमे, माह्या डोळ्यांत रक्त गेलं. तू पाहा. काटा कुठे आहे?" मी बघितलं. मी मोठ्याने सांगितलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "कुंकवाच्या खाली आहे, माय. लई खाली आहे!"

आबाने शेडमधला पाना उचलला. तो मायवर धावून गेला नाही, माझ्यावरही नाही. तो तबकडीवर धावला. तिला फोडायला. तोंडाने फेस आल्यासारखा तो शिव्या देत होता, आणि मला त्या क्षणी ती जुनी खूण आठवली, पत्र्यात रुतलेली, आणि मी माझा हात मधे घातला. पाना माझ्या बोटांवर बसला. ही माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही वाकडी आहेत ती तेव्हापासून. लेखणी धरताना आजही मधे येतात. मी किंचाळले. त्याने पाना दुसऱ्यांदा उचलला, आणि तो खाली यायच्या आत गाडीच्या लोखंडी हँडलचा फटका त्याच्या दंडावर बसला.

हँडल मायच्या हातात होतं. दोन्ही हातांत धरलेलं. ज्या हातांवर मांडे वाढायचे त्याच हातांनी तिने ते पुन्हा उचललं आणि पुन्हा त्याच जागी घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिसऱ्यांदा ती मनगटावर मारणार होती, पण तोवर तो खाली पडला होता, आणि ती त्याच्यावर उभी राहून ओरडत होती, "तापली म्हणतो! कोण तापली? सांग ना, कोण तापली?" गल्लीतले माग थांबले होते. दारादारांत माणसं उभी होती आणि कुणी पुढे आलं नाही. ती मार खायची तेव्हा कुणी आलं नव्हतं, आता तो मार खात होता तरी कुणी येईना. आमची गल्ली एवढी तरी न्यायाची होती.

मला लोक विचारतात, एवढं सगळं झालं, मग तुम्ही आजारपणात त्याचं केलंत कसं? केलं. त्याचा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही, म्हणून करता आलं. गाडी मग मी चालवली, लग्न होईपर्यंत. तालुक्यात लोक बघायला उभे राहायचे, पोरगी मोटार चालवते म्हणून. बघा म्हटलं, फुकट आहे.

पण ते नंतरचं. त्या दुपारी आबाला हाडवैद्याकडे न्यायचं होतं आणि गाडी चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. निरोप मिळून आलेल्या मामाने त्याला मागच्या सीटवर आडवं केलं, तो कण्हत होता. मी माझी बोटं फडक्यात बांधून स्टिअरिंगवर बसले. गाडी चालू करायला कुणीतरी हँडल मारायला हवं. माय पुढे गेली. तिने तेच हँडल भोकात घातलं, पायाला जोर दिला आणि एका झटक्यात इंजिन लागलं. मग ती माझ्या शेजारी येऊन बसली, पदराने ओठ धरून. केळीच्या बागांमधून रस्ता होता, उन्हाने पानं फाटलेली. मी आयुष्यात पहिल्यांदा गल्लीबाहेर गाडी घेऊन निघाले होते. माय सबंध रस्ताभर त्या काट्यावरची नजर हलवायला तयार नव्हती. थोड्या थोड्या वेळाने सांगायची, "खालीच आहे. चालू दे." मागे आबा प्रत्येक खड्ड्याला ओरडायचा, आणि ती म्हणायची, "खालीच आहे. चालू दे."

बहादरपुरात वैद्यबुवा ओट्यावरच बसले होते. त्यांनी आबाचा हात हळूच चाचपला. हँडल उलटं फिरून ड्रायव्हरांचे हात मोडतात, असे पुष्कळ हात त्यांनी बसवले होते. "हँडल उलटं बसलं वाटतं?" त्यांनी विचारलं. आबाने घाईने मान डोलावली, बुडत्याला दोर मिळावा तशी. मायने पदर तोंडावरून काढला. दात पडलेला, ओठ फुटलेला, सगळं त्यांना दिसू दिलं.

"नाही बुवा," ती म्हणाली. "गाडी तापली होती."

वैद्यबुवांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या गळ्याखालच्या त्या जुन्या हाडाकडे बघितलं. मग आबाचा हात मनगटाशी घट्ट धरला आणि ओढला.